‘करावे’ आणि ‘केलेच पाहिजे’

‘करावे’ या शब्दाइतका सोयीचा शब्द मराठीत दुसरा नसेल. पहाटे उठावे, कमी बोलावे, पाणी गाळून प्यावे. नाही केले तर कोणी दारात येऊन उभे राहत नाही. ‘केलेच पाहिजे’ची गोष्ट निराळी. विजेचे बिल भरलेच पाहिजे; नाही भरले तर खांबावरून जोडणी तोडतात, मग ‘अहो, दोन दिवस थांबा की’ म्हणून उपयोग नसतो.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क परिषदेने १६ जून २०११ रोजी उद्योगधंदे आणि मानवी हक्क यांविषयीची ३१ मार्गदर्शक तत्त्वे एकमताने मान्य केली. हार्वर्डचे प्राध्यापक जॉन रगी यांनी कित्येक वर्षे खपून ती तयार केली होती. आज जगातली मोठी कंपनी मानवी हक्कांविषयी बोलू लागली की बहुधा याच तत्त्वांचे नाव घेते. मी ती वाचताना क्रियापदांकडे बघत होते, कारण अशा कागदाचा जीव तिथेच असतो. पहिले तत्त्व सरकारांसाठी आहे : त्यांनी माणसांचे रक्षण केलेच पाहिजे. अकरावे कंपन्यांसाठी : त्यांनी मानवी हक्कांचा आदर करावा. इंग्रजीत एकीकडे ‘मस्ट’, दुसरीकडे ‘शुड’. हे नजरचुकीने झालेले नाही. कंपन्यांवर थेट बंधने घालू पाहणारा एक मसुदा २००३ साली तयार झाला होता. पुढच्याच वर्षी राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगाने त्याला कायदेशीर स्थान नाही म्हणून बाजूला सारले. रगींनी ते पाहिलेले होते. सगळ्यांनी मान डोलवावी एवढाच शब्द त्यांनी उचलला. व्यवहारी माणूस.

कागद वाईट आहे असे मात्र मी म्हणणार नाही. तेरावे तत्त्व वाचताना तर मी थबकलेच. कंपनीचा दोष तिथे तीन तऱ्हांनी मोजला आहे : स्वतः केलेला अपाय, दुसऱ्याच्या अपायाला लावलेला हातभार, आणि स्वतः काही न करता निव्वळ व्यवहाराच्या धाग्याने आपल्या मालाशी जोडला गेलेला अपाय. कृत, कारित, अनुमोदित हे शब्द ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्या बायकांना ही विभागणी ओळखीची वाटेल. पण ती अगदी तीच नाही. अनुमोदनेला मनाची संमती लागते. इथे नुसता व्यवहार पुरतो. म्हणजे या कागदाची गाळणी आपल्या गाळणीहूनही बारीक निघाली!

दानाबद्दलही त्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, ती आपल्या व्यापारी घरांतून मोठ्याने वाचली जायला हवी. कंपनीने बाहेर कितीही चांगली कामे केली तरी धंद्यात हक्क तुडवल्याची भरपाई त्यातून होत नाही. आपल्या देशात कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. शाळेला बाके मिळतात, दवाखान्यावर पाटी लागते. चांगलेच आहे. पण तो नफा मुळात कसा झाला, हे ते कलम विचारत नाही.

गाळणी बारीक आहे, पण ती धरायला कोणाचा हात नाही. याचा पुरावा दोन वर्षांत मिळाला. ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत होती. वरचे मजले बेकायदा चढवलेले, त्यांत पाच कपड्यांचे कारखाने. २३ एप्रिल २०१३ला भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसे घरी पाठवली. शिवणकाम करणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पगाराचा धाक घालून आत बोलावले. इमारत कोसळली, १,१३४ जीव गेले. त्यांत बायकाच जास्त. तडा एकच होता, बघा. बँकेच्या कारकुनाला तो दिसला म्हणून तो वाचला, आणि शिवणाऱ्या पोरीला दिसूनही काही करता आले नाही, कारण ऑर्डरची तारीख जवळ आली होती आणि तिच्यामागे ना संघटना होती ना शिल्लक. यातल्या दोन कारखान्यांची परदेशी खरेदीदारांच्या योजनेखाली ‘सामाजिक तपासणी’ही झालेली होती. नंतर योजनेने सांगितले की, इमारतीची मजबुती आमच्या तपासणीत येत नाही. मग काय बघायला गेले होते?

त्याआधी सातआठ महिने, ११ सप्टेंबर २०१२ला, कराचीत अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक माणसे गेली. आग मुद्दाम लावली होती, असे तिथल्या न्यायालयाने पुढे ठरवले. पण खिडक्यांना गज आणि बाहेर पडायची दारे बंद, हे आग लावणाऱ्याने केलेले नव्हते. या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच चांगल्या कामकाजाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. मोठा खरेदीदार जर्मनीची किक कंपनी. तिने वाटाघाटींनंतर भरपाईचे पैसे दिले. पण तिची जबाबदारी ठरवावी म्हणून चौघांनी डॉर्टमुंडच्या न्यायालयात लावलेला दावा जानेवारी २०१९मध्ये मुदत टळली म्हणून फेटाळला गेला. दाराचा प्रश्न सुनावणीपर्यंत पोहोचलाच नाही.

‘करावे’चे ‘केलेच पाहिजे’ झाले की काय होते, तेही बांगलादेशातच दिसले. मे २०१३मध्ये कामगार संघटना आणि परदेशी ब्रँड यांच्यात आग व इमारत सुरक्षेचा करार झाला. सही केली की बांधील. मोडला तर लवादापुढे. हजाराहून अधिक कारखाने इंजिनियरांनी तपासले आणि अहवाल उघड ठेवले. दोन ब्रँडांविरुद्ध संघटना थेट हेगच्या लवादापर्यंत गेल्या आणि तडजोड झाली. त्यांतल्या एकाला तेवीस लाख डॉलर मोजावे लागले. याउलट राणा प्लाझाच्या जखमींसाठी आणि मृतांच्या घरच्यांसाठी उभारलेला निधी ऐच्छिक होता. तीन कोटी डॉलर जमायला दोन वर्षे लागली. अपंग होऊन घरी बसलेल्या बाईने दोन वर्षे काय खायचे, हे ऐच्छिकपणात बसत नाही.

कायदे येऊ लागलेत. फ्रान्सने २०१७मध्ये केला, जर्मनीचा २०२३पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४मध्ये सगळ्या सभासद देशांसाठी केला आणि लगेच पुढच्या वर्षी अंमलाची तारीख पुढे ढकलली. तो लागू होणाऱ्या कंपन्यांच्या यादीलाही कात्री लागली आहे. कारण असे दिले की, कंपन्यांवर कागदपत्रांचा फार बोजा पडतो.