अर्ध्या शब्दाची घाई

जुन्या मराठी ग्रंथांतील शब्दांची सूची करणे हे माझे गेल्या काही वर्षांतले काम. अंबाजोगाईत राहणाऱ्याने हे काम हाती घ्यावे यात नवल नाही. मुकुंदराजांची समाधी इथेच, दासोपंतांची (१५५१–१६१५) इथेच. दासोपंतांचा एकटा 'गीतार्णव' परंपरेने सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. एवढ्या मजकुरात कोणता शब्द कुठे आला हे चिठ्ठ्यांवर उतरवायचे तर जन्म पुरणार नाही, म्हणून पंचेचाळिशी उलटल्यावर मी पायथन शिकलो. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिण्याच्या एडिटरशी माझा रोजचा संबंध आला, आणि रोजचे भांडणही.

एडिटरला मराठीत संपादक म्हणण्याचा मोह होतो. पण बोलणाऱ्याच्या तोंडातला शब्द काढून घेणारा संपादक मी अजून पाहिलेला नाही. हा मात्र दोन अक्षरे उमटताच खाली एक यादी उघडतो आणि उरलेला शब्द स्वतःच सुचवतो. ओळ संपली म्हणून आपण एंटर दाबावे, तर नवी ओळ न येता यादीतले पहिले नाव आत शिरलेले असते. माझ्या सूचीच्या प्रोग्रॅममध्ये अशी दोन नावे महिनाभर लपून होती. प्रोग्रॅम चालत होता, आकडे चुकत होते.

नव्वदच्या दशकात बीडच्या एका खासगी क्लासात मी टर्बो सी पाहिले होते. निळा पडदा, पिवळी अक्षरे. शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि एफ-वन दाबले की त्या शब्दाची माहिती यायची. न विचारता काही येत नसे. पुढे १९९६च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकमध्ये 'इंटेलिसेन्स' नावाने ही यादी आली आणि लवकरच ती सर्वत्र रुळली. २०१६ साली मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' जाहीर केला. त्याआधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळी जुळणी करावी लागे. या करारानंतर भाषा समजणारा भाग वेगळा झाला आणि एकच विश्लेषक अनेक एडिटरांना पुरू लागला. कल्पना उत्तम आहे. माझी तक्रार तिच्यावर नाही, ती वापरताना धरलेल्या गृहीतांवर आहे.

पहिले गृहीत वेळेचे. आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली संगणकाच्या प्रतिसादाविषयी जो निबंध लिहिला, तेव्हापासून एक माप चालत आले आहे: उत्तर सुमारे ०.१ सेकंदात आले तर माणसाला ते तत्काळ वाटते, एका सेकंदाच्या पुढे विचाराची तार तुटू लागते. आता विश्लेषकाला काय करावे लागते ते पाहा. मी एका नावापुढे टिंब दिले, तर पुढे काय येऊ शकते हे सांगण्यासाठी ते नाव कशाचे, हे त्याला ठाऊक हवे. पायथनमध्ये तेच नाव वरच्या ओळीत आकड्याचे आणि खालच्या ओळीत यादीचे असू शकते. मग तो मागे जातो, मी बाहेरून आणलेली मॉड्यूले उघडतो, त्यांनी आणलेली आणखी उघडतो. त्यातून माझा मजकूर त्या क्षणी मोडकाच असतो. कंस उघडलेला असतो, मिटलेला नसतो. अर्धे वाक्य ऐकून व्याकरण सांगण्यासारखे हे काम आहे, आणि ते प्रत्येक अक्षरागणिक नव्याने करायचे! जुना प्रश्न रद्द करण्याची सोय त्या करारात आहे, तरी माझ्या चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर 'ओवी'साठी मागितलेले उत्तर मी 'ओवी_क्रमांक' लिहून झाल्यावर येते.

इथे कोणीही म्हणेल, नवा लॅपटॉप घ्या. घेईनही. पण दोष सगळा यंत्राचा नव्हता. ओव्यांच्या फाइली मी प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या आणि एडिटर त्यांच्यावरही नजर ठेवून होता. एके संध्याकाळी त्या बाहेर हलवल्या आणि पंख्याचा आवाज थांबला. फोल्डरात असेल ते सगळे प्रोग्रॅमचेच, हे त्याने मला न विचारता ठरवले होते.

दुसरे गृहीत अधिक खोल आहे. शब्द म्हणजे काय? पायथनच्या शोध-मॉड्यूलमध्ये शब्दातील अक्षरासाठी बॅकस्लॅश डब्ल्यू ही खूण आहे. तिच्यात व्यंजने बसतात, मात्रा आणि हलन्त बसत नाहीत. 'दासोपंत' हा शब्द तिच्या हाती दिला की द, स, प, त अशी चार अक्षरे सुटी होऊन परत येतात. माझी पहिली सूची अशी एकेका अक्षराचीच निघाली. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे आजचे कितीतरी एडिटर ज्या भाषेवर उभे आहेत तिच्यात, या खुणेत देवनागरीचे एकही अक्षर बसत नाही. शेवटी देवनागरीचा सगळा पट्टाच मी शब्द म्हणून धरला, तर त्यात दंडही आले आणि प्रत्येक ओवीच्या शेवटच्या शब्दाला चिकटले. तेही मग वेगळे काढले.

मोडीने तर कळस केला. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, पण पहिल्या ६५,५३६ जागांच्या बाहेर. त्यामुळे युटीएफ-१६ या पद्धतीत देवनागरीचा 'क' एक घर घेतो, मोडीचा 'क' दोन. लँग्वेज सर्व्हरच्या करारात ओळीतली जागा मोजायची ती याच पद्धतीने. दुसरी पद्धत ठरवून घेण्याची मुभा २०२२ च्या ३.१७ आवृत्तीत आली. मी मोडी अक्षरे देवनागरीत बदलणारी ओळ लिहीत होतो. ओळीत दहा मोडी अक्षरे होती. एडिटरने वीस घरे मोजली, विश्लेषकाने दहा, आणि सुचवलेला शब्द दहा घरे अलीकडे, अवतरणाच्या आत जाऊन बसला. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबरच मोजत होत्या. फक्त ही चूक इंग्रजी लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाही. (इमोजी वापरणाऱ्यांना दिसते, आणि मला वाटते त्यांच्यामुळेच ती दुरुस्त होण्याची आशा आहे.)

हे सारे लिहूनही मी या सोयीच्या विरोधात नाही, आणि त्याचे कारण शेजारची एक मुलगी आहे. आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ती आजीजवळ राहून शिकते. शाळा मराठी माध्यमाची. माझ्याकडे ती पायथन शिकायला येते. तर्क तिचा माझ्यापेक्षा चांगला आहे, पण लेंग्थच्या शेवटी जी-टी-एच की जी-एच-टी, यात तिचा अर्धा तास जायचा. यादी उघडू लागली तसे ते थांबले. इंग्रजी ज्यांच्या घरात नाही त्यांच्यासाठी ही यादी म्हणजे हाताशी ठेवलेला शब्दकोश आहे. तो काढून घ्या असे मी म्हणणार नाही. पण एकदा तिने 'एकूण' नावाचे चल लिहिले, यादीतून भलतेच इंग्रजी नाव आत आले, आणि ती मला म्हणाली, "काका, मराठी नाव चालत नाही वाटतं." चालते, पायथनने २००८ सालीच ती मुभा दिली आहे. यंत्राच्या घाईला तिने नियम समजले होते.

विम या जुन्या एडिटरमध्ये (ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ साली आणलेला, आवडल्यास युगांडातील मुलांना मदत करा असे सांगणारा) कंट्रोल आणि एन दाबले की उघड्या फाइलीतले शब्द समोर येतात. भाषा त्याला कळत नाही, तो फक्त आपणच आधी लिहिलेले आपल्याला दाखवतो. सूचीच्या कामाला मला तेवढे पुरते, आणि मागितल्याशिवाय तो बोलत नाही. नव्या एडिटरमध्येही मी आपोआप उघडणारी यादी बंद केली आहे. कंट्रोल-स्पेस दाबले तरच ती येते.

मुलीच्या यंत्रावर यादी चालूच ठेवली. फक्त एंटरने शब्द स्वीकारण्याची सोय काढून टाकली. आता टॅब दाबल्याशिवाय तिच्या ओळीत काही शिरत नाही, आणि परवा तिने 'एकूण' पुन्हा लिहून पाहिले.