देखाव्यात ‘माहीत नाही’ कुठे ठेवायचं?

दिवाळीतल्या किल्ल्यावरचा मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि त्याबद्दल कुणी कधी तक्रार करत नाही. अळीव पेरून उगवलेलं गवत त्या मापात पाहिलं तर माडाएवढं होतं. चालतं. कारण तो किल्ला ‘राजगड असाच होता’ असं म्हणतच नाही. पण तुम्ही बुडालेल्या जहाजाचा देखावा (मॉडेल करणारी मंडळी ज्याला डायोरामा म्हणतात) १:३५० असं प्रमाण धरून बनवलात आणि खाली पाटीवर जहाजाचं नाव लिहिलंत, की प्रकरण बदलतं. आता तुम्ही दावा केलाय. आणि दावा म्हटला की पुरावा मागणारा कुणीतरी येणारच. आज ते काम मी करतोय.

नगरसारख्या कोरड्या जिल्ह्यात बसून जहाजांबद्दल कशाला बोलायचं, असं वाटेल. निजामशाहीचं बंदर चौल होतं, त्यामुळे नगरच्या इतिहासाला समुद्र अगदीच परका नाही, एवढं एक उत्तर आहे. खरं उत्तर वेगळं आहे. पीएचडीचा आराखडा लिहिताना तुम्ही जे करणार आहात, तेच हे देखावे करतात: तुटक, अर्धवट, विखुरलेल्या गोष्टींवरून एक अखंड चित्र उभं करतात. आणि ज्या ठिकाणी ते घसरतात, त्याच ठिकाणी आपणही घसरतो.

प्रबंधात तुम्हाला एक मोठी सवलत असते. ‘याविषयी पुरावा उपलब्ध नाही’ असं एक वाक्य लिहायचं आणि पुढे जायचं. देखाव्यात ही सवलत नाही. धुराडं कुठेतरी पडलेलं दाखवावंच लागतं. डोलकाठी मोडलेली की उभी, ते ठरवावंच लागतं. माहिती नसली तरी प्लास्टिक कापावंच लागतं. मग कारागीर काय करतो? जे ‘शोभतं’ ते करतो. आणि त्याचा हात जितका चांगला, तितका तो अंदाज खरा वाटतो. गंजाची छटा अप्रतिम जमली की बघणाऱ्याचा विश्वास वाढतो. पण गंज छान रंगवता येणं आणि जहाज कुठे मोडलं हे माहीत असणं, यांचा काही संबंध नाही. मला या कलेबद्दल जी अढी आहे ती एवढीच.

टायटॅनिकचं उदाहरण घ्या, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. जहाज बुडालं १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे. वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितलं की ते बुडण्याआधी दुभंगलं. ब्रिटिश चौकशीनं मात्र ते अखंड बुडालं असा निष्कर्ष काढला आणि तोच पुढे मान्य झाला. १९८० साली ‘रेझ द टायटॅनिक’ नावाचा सिनेमा आला. त्यासाठी सुमारे ५५ फूट लांबीचं मॉडेल बनवलं होतं आणि सिनेमात ते अख्खंच्या अख्खं समुद्रातून वर येतं. कारागिरी उत्तमच. १ सप्टेंबर १९८५ ला रॉबर्ट बॅलार्ड आणि जाँ-लुई मिशेल यांच्या मोहिमेला प्रत्यक्ष अवशेष सापडले. जहाज दोन तुकड्यांत होतं. म्हणजे त्या मॉडेलची प्रत्येक खिडकी बरोबर असती तरी मॉडेल चुकीचंच होतं, कारण मूळ गृहीतक चुकीचं होतं. लक्षात घ्या, पुरावा नव्हता असं नाही. माणसं सांगत होती. पण चौकशीच्या निष्कर्षापुढे त्यांचं सांगणं हलकं ठरलं. तुम्ही मुलाखतींवर आधारित संशोधन करणार असाल तर हे उदाहरण जवळ ठेवा.

आता सापडल्यानंतरचे देखावे बघा. तिथली गंमत आणखी वेगळी. टायटॅनिक २६९ मीटर लांब. १:३५० मध्ये ते होतं साधारण ७७ सेंटीमीटर. टेबलावर मावतं. पण पुढचा आणि मागचा भाग समुद्रतळावर एकमेकांपासून सुमारे ६०० मीटर लांब पडलेत. त्याच प्रमाणात हे अंतर १.७ मीटर होतं. शिवाय मधला पसारा: कोळसा, भांडी, बूट, यंत्रांचे तुकडे. हे टेबलावर मावत नाही, म्हणून बहुतेक जण फक्त पुढचा भाग करतात, कारण तो ओळखू येतो आणि देखणा आहे. मागच्या भागाचा चक्काचूर झालाय, तो कुणाला दिवाणखान्यात नको असतो. पण जहाज कसं फुटलं आणि तळाशी कसं पोचलं, हे समजून घ्यायचं तर पसारा आणि मागचा भाग पाहावाच लागतो. सोयीचा नमुना निवडणं म्हणजे काय, हे शिकवायला मी पुस्तक उघडणार नाही, हा पुढचा भाग दाखवीन.

आणि तो निळा प्रकाश! सुमारे ३८०० मीटर खोलीवर ठार अंधार असतो. पाणबुडी जेवढं उजळवते तेवढंच दिसतं. पूर्ण जहाज एका नजरेत कुठल्याच डोळ्यांनी तिथे पाहिलेलं नाही. २०२२ मध्ये ७ लाखांहून जास्त छायाचित्रं जोडून त्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार झाली, तेव्हा कुठे ते सलग ‘दिसलं’, तेही संगणकावर. म्हणजे देखावा जे दृश्य दाखवतो ते मुळात कुणाचंच नाही. यात वाईट काही नाही, नकाशाही असंच करतो. फक्त निळा दिवा लावला की ‘तुम्ही तिथे आहात’ असा आव येतो, तो मला खटकतो.

अजून एक प्रश्न, जो पाटीवर क्वचितच लिहिलेला असतो: हे अवशेष कुठल्या सालातले? लोखंड खाणारे जिवाणू आपलं काम करतच असतात. २०२४ च्या मोहिमेत पुढच्या टोकाच्या कठड्याचा एक मोठा तुकडा गळून पडलेला दिसला. म्हणजे कठडा पूर्ण असलेलं मॉडेल एका काळासाठी बरोबर आणि दुसऱ्या काळासाठी चूक. तुमच्या माहितीलाही अशी तारीख असते. ती लिहा.

टायटॅनिकबद्दल निदान भरपूर माहिती आहे. संशोधकाची खरी परीक्षा माहिती कमी असते तिथे होते, म्हणून आता जरा जवळ येऊ, गोव्याला. किनाऱ्यापासून जवळच समुद्रात सेंट जॉर्जेस रीफ नावाचा खडकांचा पट्टा आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी तिथे पाण्याखाली शोध घेतला. मिळालं काय? भाजलेल्या मातीची कोरिंथियन घडणीची स्तंभशीर्षं, पोकळ खांबांचे तुकडे, आढ्यावर बसवायची कौलं, धुराड्याच्या विटा. शिक्का बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचा, सोबत साल १८६५. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या शाळांवर आणि वाड्यांवर दिसणाऱ्या मंगलोरी कौलांचंच घराणं. जहाजाचं नाव माहीत नाही. तिथे ठळकपणे आहे तो माल.

याचा देखावा करायला घेतलात तर पहिल्याच दिवशी दोन सापळे लागतात. पहिला, सालाचा. ‘१८६५ मध्ये बुडालेलं जहाज’ अशी पाटी लिहायचा मोह होणारच. पण १८६५ हे मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल. शिक्क्यावर ते छापलंय म्हणून माल त्याच वर्षी निघाला असं होत नाही, मग जहाज त्याच वर्षी बुडालं हे तर दूरच. त्यावरून एवढंच म्हणता येतं की हे त्याआधी घडलेलं नाही. दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना’ म्हणून लिहिलेल्या सालावरून आज घेतलेल्या पेढ्यांचं वय कुणी ठरवत नाही. इथे मात्र भले भले ठरवतील.

दुसरा सापळा जहाजाचा. कौलांचे ढीग छान जमले, पण जहाजाशिवाय ‘जहाजाचा देखावा’ कसा? मग कुणी शिडाची पत्तेमारी आडवी पाडून ठेवेल, कारण कोकण-कानडा किनाऱ्यावर ती चालायची. कुणी विलायती जहाज ठेवेल, कारण कोरिंथियन खांब म्हणजे गिऱ्हाईक साहेब असणार. दोन्ही अंदाज ऐकायला बरे आहेत. पण एकदा पत्तेमारी तिथे ठेवली की बघणारा मालाकडे बघणारच नाही. जे माहीत आहे ते मागे पडेल आणि जे माहीत नाही ते फोटोत येईल. मी परीक्षक असतो तर जहाज नसलेल्या देखाव्याला जास्त गुण दिले असते: फक्त खडक, गाळ आणि खांबांची मुंडकी.

वस्तू नुसती काय आहे यापेक्षा ती कुठे, कशाशेजारी, कुठल्या थरात पडली होती, हे का महत्त्वाचं, ते नगर जिल्ह्यातल्या वाचकाला दायमाबादवरून कळेल. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी १९७४ मध्ये तिथे कांस्याच्या चार मूर्ती मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैलांच्या रथात उभा असलेला माणूस. पण त्या शास्त्रीय उत्खननात नाही, गावकऱ्याच्या खोदण्यात निघाल्या. त्यामुळे त्या नेमक्या कुठल्या काळातल्या, यावर अभ्यासकांत वाद झाला. मूर्ती जशाच्या तशा आहेत, वजन मोजता येतं, धातू तपासता येतो. निसटलं ते त्यांच्या आजूबाजूचं. समुद्रतळावरच्या पसाऱ्याचंही हेच. कौलांचा ढीग देखावा बरा दिसावा म्हणून दोन सेंटीमीटर डावीकडे सरकवलात, तर १:१०० मध्ये तुम्ही तो दोन मीटर हलवलात.

मग ‘माहीत नाही’ कसं दाखवायचं? उत्तर नवीन नाही. संग्रहालयात जोडलेलं मडकं पाहिलं असेल. हरवलेला भाग साध्या प्लास्टरनं भरलेला असतो आणि तो मुद्दाम वेगळा ओळखू येतो. वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतही हेच तत्त्व आहे: हरवलेल्याच्या जागी बसवलेला भाग एकूणात मिसळावा, पण मूळापासून वेगळा ओळखू यावा. देखाव्यात हे सहज जमतं. पाहिलेलं, मोजलेलं ते पूर्ण रंगवा. तर्कानं मांडलेलं ते राखाडी ठेवा. बाकी ठिकाणी पाया उघडा राहू द्या. दिसायला बरं दिसणार नाही, हे कबूल. स्पर्धेत बक्षीसही मिळणार नाही बहुतेक.

आणि अंदाज बदलायची तयारी ठेवा. स्वीडनचं वासा जहाज १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं आणि १९६१ मध्ये वर काढलं. प्रत्यक्ष जहाज समोर उभं असूनही त्यावरच्या कोरीवकामाची पार्श्वभूमी निळी होती असं बराच काळ मानलं जाई. पुढे लाकडावरच्या रंगाच्या कणांचा अभ्यास झाला आणि ती लाल निघाली. स्टॉकहोमच्या संग्रहालयात १:१० चं मॉडेल रंगवलेलं आहे ते या नव्या माहितीप्रमाणे.

आतापर्यंत मी पुराव्याबद्दल बोललो. पण बुडालेलं जहाज म्हणजे नुसता पुरावा नसतो. दीवला आयएनएस खुकरीचं स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात ती बुडाली; कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. समुद्राकडे तोंड करून, टेकाडावर काचेच्या घरात खुकरीचं मॉडेल ठेवलंय. अखंड, सरळ, रंगवलेलं. मघाचे माझे सगळे नियम लावले तर हे मॉडेल नापास. पण मी ते लावणार नाही. स्मारकाला जहाज कसं बुडालं हे सांगायचं नाही, काय गेलं हे सांगायचंय. आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयातले रणगाडे ताज्या रंगात उभे असतात, तसंच. त्या ठिकाणी फुटलेलं जहाज ठेवलं असतं तर मला ते असभ्य वाटलं असतं. टीका करण्याआधी समोरची गोष्ट काय व्हायचा प्रयत्न करतेय ते विचारा. हे पुस्तक-परीक्षण लिहितानाही उपयोगी पडतं.

महाराष्ट्राला स्वतःचं असं एक जहाज आहे ज्याचा देखावा करायला मला तरी धजावणार नाही. रामदास बोट. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, गटारीसाठी घरी जाणाऱ्या माणसांनी भरलेली. काश्याच्या खडकाजवळ ती उलटली आणि ६०० हून जास्त माणसं गेली. मोठी लाट आली, बोट कलली, लोक एकदम दुसऱ्या बाजूला धावले, असं वाचलेल्यांच्या सांगण्यात येतं. करायचंच ठरवलं तर पाणी निळं नको, पावसाळ्यातलं मुंबईचं गढूळ हवं. आणि त्याआधी प्रमाण ठरवावं लागेल. बोट १७९ फुटांची. १:३५० घेतलंत तर ती साडेपंधरा सेंटीमीटरची होते, सुबक, हातात मावणारी, आणि माणूस पाच मिलिमीटरच्या आत जातो. नाही दाखवला तरी कुणी विचारणार नाही. १:७२ घेतलंत तर बोट ७६ सेंटीमीटर आणि प्रत्येक माणूस सव्वादोन सेंटीमीटर. त्या मापात माणसं वगळता येत नाहीत. ६०० आकृत्या, एकेक करून, आणि त्यातली प्रत्येक कुठल्या बाजूला धावत होती हे तुम्हाला ठरवावं लागेल.