गळ्यातले गाणे आणि ओठांवरचे गाणे

नाटकाच्या जाहिरातीत 'संगीत' हा शब्द अजूनही मोठ्या अक्षरांत छापला जातो. परंतु पडदा वर गेल्यावर जे संगीत कानी पडते ते समोरच्या नटाच्या गळ्यातून त्याच क्षणी निघत आहे, की ते पूर्वीच एखाद्या ध्वनिमुद्रणगृहात बंदिस्त झालेले असून नट केवळ त्याबरहुकूम ओठ हलवीत आहे, याची शहानिशा करण्याची पाळी आजच्या प्रेक्षकावर वारंवार येते. नृत्यप्रधान संगीतिका, बालनाट्ये, ऐतिहासिक महानाट्ये आणि लावणीचे जाहीर कार्यक्रम यांत मुद्रित गाण्याची वहिवाट इतकी पक्की झाली आहे की तिच्याबद्दल कोणी कैफियतही मागत नाही. जुन्या वळणाच्या संगीत नाटकात मात्र असे काही उघडकीस आले की रसिक चवताळतात आणि 'फसवणूक' एवढा एकच शब्द उच्चारून मोकळे होतात. मला हा आरोप अपुरा वाटतो. रंगभूमीवर दाढी खोटी असते, राजवाडा कापडाचा असतो आणि मेलेला नायक पडदा पडल्यावर उठून चहा घेतो. तेव्हा आवाज तेवढा खरा हवा असा आग्रह धरावयाचा असेल, तर त्याचे समर्थन नीतिशास्त्रात न शोधता नाट्यकलेतच शोधले पाहिजे.

ते शोधू गेल्यास पहिलीच अडचण आपल्या रंगभूमीच्या जन्मकथेत उभी राहते. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केले तेव्हा रंगमंचावरील पात्रे गातच नव्हती. पदे सूत्रधार म्हणे, पात्रे त्या पदांच्या आशयानुरूप हावभाव करीत आणि मग आपापल्या बुद्धीप्रमाणे गद्य भाषणांची भर घालीत. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या ज्या खेळांवरून भाव्यांना ही कल्पना सुचली, त्यांतही गाणे भागवताचे आणि नाचणे पात्राचे अशीच वाटणी असे. म्हणजे गळा एकाचा आणि देह दुसऱ्याचा ही व्यवस्था आमच्याकडे यंत्रयुगाने आणलेली नाही. ती मराठी नाटकाच्या पहिल्या दिवसापासूनची आहे. ती मोडली अण्णासाहेब किर्लोस्करांनी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले, आणि सूत्रधाराच्या मुखत्यारीत असलेले गाणे पात्रांच्या स्वाधीन झाले. दुष्यंत आपले प्रेम आपणच गाऊ लागला. पुढे 'सौभद्र' आले, भाऊराव कोल्हटकरांचा गळा आला, आणि ज्याला गाता येत नाही त्याने संगीत नाटकात मुख्य भूमिका करू नये असा शिरस्ताच पडून गेला.

मग भाव्यांचा सूत्रधार आणि आजची ध्वनिफीत यांत फरक काय? माझ्या मते या वादाचा सारा निवाडा याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. सूत्रधाराचा गळा पात्राचा नसला तरी तो तेथे हजर होता. पात्र अडखळले तर तो ओळ पुन्हा घेई, पात्राचा आवेश चढला तर त्याचाही स्वर चढे. ध्वनिफितीला डोळे नसतात. नटाचा देह तिच्याकडे पाहतो, ती नटाकडे पाहत नाही. आणि नाट्य हा जर परस्परांना दिलेल्या प्रतिसादांचा व्यवहार असेल, तर त्यातील एक पक्षकार कायमचा गैरहजर राहून केवळ हुकूम सोडीत असल्यावर तो व्यवहार पुरा कसा व्हावा?

हे ज्याला प्रत्यक्ष पडताळून पाहावयाचे असेल त्याने संगीत नाटकात गद्य संपून पद सुरू होण्याची जागा बारकाईने पाहावी. चांगली गायिका-नटी पदापूर्वीचे शेवटचे वाक्य बोलू लागते तेव्हाच तिच्या बोलण्याची पट्टी नकळत पदाच्या स्वराकडे सरकू लागलेली असते; तिच्या श्वासावर कान ठेवून बसलेला ऑर्गनवादक वाक्य संपता संपता षड्ज भरतो, आणि बोलणे कोठे थांबले व गाणे कोठे सुरू झाले हे श्रोत्याला सांगता येत नाही. मधल्या एखाद्या वाक्यावर अनपेक्षित हशा पिकला तर ती थांबते, तिच्याबरोबर ऑर्गनही थांबतो, तबलजीचा हात डग्ग्यावर नुसता विसावलेला असतो. आता हीच जागा मुद्रित गाण्याच्या प्रयोगात पाहावी. प्रेक्षागृहाच्या मागच्या अंगास लॅपटॉपपुढे बसलेला ध्वनिसंयोजक ठरलेला शब्द कानी पडताच कळ दाबतो. हशा लांबला असो वा नसो, आरंभीचे स्वरवाद्य वाजू लागते आणि नटीला आपले उरलेले वाक्य गिळून तोंड उघडावे लागते. एखादी हुशार नटी ही सांधेजोड इतक्या सफाईने करते की पुढच्या रांगेलाही पत्ता लागत नाही. परंतु तिची ती सारी हुशारी गाण्याचा अर्थ उलगडण्याऐवजी गाण्याला गाठण्यात खर्ची पडते.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या 'संयुक्त मानापमाना'ची आठवण मराठी माणूस अजून काढतो. त्यात केशवराव भोसले धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर आले, ही त्या रात्रीची बातमी होती खरी. पण त्या प्रयोगाची आख्यायिका झाली ती दोन अगदी निराळ्या गायकी एकमेकींना ऐकत एकमेकींसमोर उभ्या राहिल्या म्हणून. केशवरावांचा उंच पट्टीचा धारदार आवाज आणि बालगंधर्वांचे मृदू, लडिवाळ गाणे यांपैकी प्रत्येकाला त्या रात्री दुसऱ्याच्या सान्निध्यात आपले काहीतरी सिद्ध करावयाचे होते. दोन ध्वनिमुद्रिका एकापुढे एक लावल्या तर त्यांत अशी चुरस उत्पन्न होत नाही, कारण ध्वनिमुद्रिका एकमेकींचे ऐकत नाहीत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव वारले आणि तो योग पुन्हा आला नाही.

तथापि जुन्या काळाची नुसती आरती ओवाळणे मला मान्य नाही. प्रत्यक्ष गायनाने नाटकाचे नुकसानही पुष्कळ केले आहे, आणि त्याचा हिशेब मांडल्यावाचून हा विचार एकतर्फी ठरेल. 'वन्समोअर' हा प्रेक्षकांचा हक्क मानला गेला तेव्हा नाटक ही मैफलीची सबब होऊन बसली. 'एकच प्याला'तली, पतीच्या व्यसनाने व्याकूळ झालेली सिंधू एकच पद चार चार वेळा नव्या ताना घेऊन गात असता तिच्या व्याकुळतेचे काय झाले हे विचारण्याची कोणाला गरज वाटेना. प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. गाणारा नट अभिनयात कितीही उणा असला तरी चालवून घेतला जाई, आणि वयाने पोक्त झालेले नायक-नायिका केवळ गळ्याच्या पुण्याईवर तारुण्याचा कारभार पाहत. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणून मोजक्या, प्रसंगाला चिकटून राहणाऱ्या पदांचा प्रयोग केला तो याच अतिरेकाला उत्तर म्हणून. केशवराव भोळे यांनी दिलेल्या त्या चालींत पसरण्याची मुभा मुद्दामच ठेवलेली नव्हती. ध्वनिमुद्रित गाणे नाटकाला आटोक्यात ठेवते असे त्याचे कैवारी म्हणतात. पण नाटकाला आटोक्यात ठेवण्याचे काम यंत्राच्या मदतीवाचूनही होते, हे भोळ्यांनी तेव्हाच दाखवून दिले आहे.

मधल्या काळात बोलपट आला. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या १९३२ च्या चित्रपटापर्यंत गाणाऱ्याला चित्रीकरणाच्या वेळीच गावे लागे. १९३५ नंतर, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'धूपछाँव'पासून, पार्श्वगायनाची तजवीज झाली आणि हळूहळू सगळ्या देशाचा कान गळा आणि चेहरा अलग असण्याला सरावला. चित्रपटाचे त्यात काही बिघडले नाही, कारण त्याची चित्रेही आधीच घेतलेली असतात; तेथे सर्वच वस्तू भूतकाळातली असते. रंगभूमीवर देह आजचा आणि आवाज मात्र कालचा, अशी विसंगती उत्पन्न होते. वसंतराव देशपांडे यांनी १९६७ पासून गाजविलेल्या 'कट्यार काळजात घुसली'चे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१५ साली त्यावर चित्रपट झाला. त्यात सचिन पिळगांवकर यांच्या खाँसाहेबांना राहुल देशपांडे यांनी आवाज दिला आणि ते प्रेक्षकांना रुचले. मात्र तेच नाटक राहुल देशपांडे यांनी पुन्हा रंगमंचावर आणले तेव्हा ते स्वतःच गायले, आणि दुसरा मार्ग त्यांना नव्हताच. ज्या नाटकाचा विषयच दोन घराण्यांची गायकी हा आहे, त्यात गायक ओठ हलवू लागला तर नाटकाचे कथानकच रद्द होते.

शास्त्रीय गायकीच्या नाटकापुरतेच हे खरे आहे असे मात्र नाही. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये कोणी मोठा गवई नव्हता. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि नाचत गात सरकणारा ब्राह्मणांचा मानवी पडदा हेच त्याचे बळ होते. तो पडदा दम लागलेल्या आवाजात गातो म्हणूनच तो माणसांचा वाटतो. त्या ठिकाणी स्वच्छ मुद्रित समूहगान लावले असते, तर स्वर अधिक सुरेल झाले असते आणि ती भेदक कुजबुज पार नाहीशी झाली असती. आमच्या दशावतारात पेटी, पखवाज आणि झांज आजही पात्रांच्या शेजारीच असतात, आणि गोमंतकीय तियात्रात कांतारांना, म्हणजे गाण्यांना, प्रत्यक्ष बँडची साथ असते. सुशिक्षित नागर रंगभूमीला जे परवडेनासे झाले ते या लोकप्रिय रंगभूमींनी अद्याप सोडलेले नाही, ही गोष्ट आमच्या निर्मात्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

परवडण्याचा प्रश्न खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. चार-पाच वादकांची नाइट, त्यांचा प्रवास, त्यांच्या तालमी हा खर्चवेच जड असतो. शिवाय घाम गाळून नाचणाऱ्या नटाला त्याच श्वासात तार षड्ज लावावयास सांगणे हा जुलूमच आहे. म्हणून काही निर्माते मधला मार्ग काढतात: गळा प्रत्यक्ष, साथ मुद्रित. पुष्कळांना ही तडजोड शहाणपणाची वाटते. मला ती, निदान रागदारीच्या पदांपुरती, संपूर्ण मुद्रणापेक्षाही घातक वाटते. ओठ हलविणारा नट आपण गात नाही हे निदान जाणतो. मुद्रित ठेक्यावर गाणाऱ्या गायकाला मात्र आपण गात आहोत असा भास होत राहतो, आणि प्रत्यक्षात त्याला एक आवर्तन अधिक घेण्याचा किंवा एखाद्या स्वरावर क्षणभर रेंगाळण्याचा अधिकार नसतो. घसा बसला म्हणून पट्टी उतरवावयाची झाली तरी ते प्रयोगापूर्वीच ठरवावे लागते. अशा गायनात काही वर्षे वाढलेला गळा पुढे स्वतः होऊन जागा घेण्याची हिंमतच विसरतो.

परदेशातही हा संघर्ष पैशाच्याच मुद्द्यावर पेटलेला आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील वादकांनी २००३ च्या मार्चमध्ये काम बंद केले. नाट्यगृहागणिक किमान किती वादक ठेवावेत हा तंटा होता, आणि वादकांच्या जागी संगणकी वाद्यवृंद आणण्याची धमकी त्यामागे होती. नट आणि रंगमंच कामगार वादकांच्या बाजूने उभे राहिले आणि संगीतिकांचे खेळ चार दिवस बंद पडले. तडजोडीत मोठ्या नाट्यगृहांची किमान संख्या २४ ते २६ वरून १८-१९ वर आली. वादकांना माघार घ्यावी लागली खरी, पण ती लेखी करार करून आणि एक मर्यादा राखून. आमच्याकडे ऑर्गनवादक आणि तबलजी नाटकांतून कमी होत गेले ते कोणत्याही कराराविना, कोणी चकार शब्दही न काढता.

जेथे मुद्रणच योग्य ठरते असेही प्रकार आहेत. बाबासाहेब पुरंदरे यांचे १९८५ चे 'जाणता राजा' हे महानाट्य खुल्या मैदानावर, घोडे, हत्ती आणि मोठा नटसंच घेऊन होते. तेथे संवाद आणि गीते मुद्रित नसती तर मागच्या प्रेक्षकाला काही ऐकूच आले नसते. ते दृश्याचे नाट्य आहे आणि त्याला तोच न्याय लावला पाहिजे. लावणीच्या बाबतीत मात्र मला अशी सूट द्यावीशी वाटत नाही. यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावतीची बैठकीची लावणी ज्यांनी ऐकली-पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की एकाच ओळीची दहा वेळा आवृत्ती होत असता दर वेळी भिवईची, बोटाची, मानेची अदा पालटते आणि त्या अदेबरोबर ओळीचा अर्थही पालटतो. आणि आणखी किती वेळा ती ओळ घ्यावी हे समोरच्या रसिकाच्या डोळ्यांत पाहून ठरते. आज मोठ्या रंगमंचावर चित्रपटातील मुद्रित लावणीवर जो नाच होतो त्यात चपळाई आहे, पोशाखाची झगमग आहे. पण ती ओळ दोनदाच येणार हे आधीच कायम झालेले असल्यामुळे अदेला पालटावयाला जागा उरत नाही.

२०१७ साली रंगभूमीवर आलेल्या 'संगीत देवबाभळी'त आवली आणि लखुबाई या दोघी रंगमंचावर स्वतः गात, आणि ते नाटक उदंड चालले. तेव्हा प्रेक्षकांना आता गाणे नको आहे, किंवा गाऊ शकणारे नट मिळत नाहीत, ही निर्मात्यांची नेहमीची फिर्याद दाखल करून घेण्याजोगी नाही. निर्मात्यांना माझी मागणी फार मोठी नाही. ज्यांना मुद्रित गाणे वापरणे भाग आहे त्यांनी ते खुशाल वापरावे. परंतु नाटकाच्या जाहिरातीत 'गायन प्रत्यक्ष' किंवा 'गायन मुद्रित' एवढे दोन शब्द स्वच्छ छापावेत, आणि पडद्याआड ज्यांचा गळा वापरला त्या गायकांची व वादकांची नावे नटांच्या नावांशेजारी द्यावीत. प्रेक्षकांनीही तिकीट काढण्यापूर्वी खिडकीवर एवढे विचारून घ्यावे.