हेका असलेलं घर

कॉट्सवोल्ड्सपासून लेक डिस्ट्रिक्टपर्यंतच्या हॉटेलांच्या जाहिराती ओळीने वाचत गेलं, की थोड्याच वेळात पुढचं वाक्य आपल्याला आधीच कळायला लागतं. काळपट ओकच्या तुळया, पेटती फायरप्लेस, एका बाजूला उतरलेली फळ्यांची जमीन, कुठलातरी राजा एक रात्र मुक्कामाला असल्याची आख्यायिका आणि दाराशी लोळणारा कुत्रा. यातलं बहुतेक खरंच असतं. इंग्लंडमध्ये जुन्या तुळयांना तोटा नाही. म्हणून तर नुसत्या जुनेपणावर भुलून खोली घेतली की फसायला होतं. सोळाव्या शतकातल्या छपराखाली विमानतळाजवळच्या हॉटेलातली गादी, तोच गालिचा आणि तीच मुळमुळीत कॉफी मिळू शकते.

माझ्या मते खेड्यातल्या हॉटेलाला हेका असावा लागतो. घर कशासाठी तरी बांधलेलं असावं, त्या कामाने त्याला आकार दिलेला असावा, आणि आजच्या मालकाने तो आकार पाहुण्यांच्या सोयीसाठी पार घासून गुळगुळीत केलेला नसावा. हे कसं ओळखायचं, ते प्रत्यक्ष घरंच वाचून सांगतो.

सॉमरसेटमध्ये, बाथच्या दक्षिणेला, नॉर्टन सेंट फिलिप नावाचं गाव आहे. तिथली ‘द जॉर्ज’ ही सराय रस्त्यावर उभं राहूनच वाचता येते. तळमजला दगडी. वरचे मजले लाकडी चौकटीचे, आणि चढत जाताना रस्त्याच्या अंगावर पुढे आलेले. दगडी भाग चौदाव्या शतकातला, लाकडी पंधराव्या. गावाच्या मानाने इमारत अवाढव्य आहे. एवढ्याशा वस्तीत एवढी मोठी सराय कशाला, हा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर लोकर हे आहे. शेजारच्या हिंटनमध्ये 1232 साली स्थापन झालेला कार्थुसियन पंथाचा मठ होता. हे साधू मौन पाळणारे, आपापल्या कोठडीत एकटे राहणारे. पण मठाच्या मेंढ्या होत्या, आणि गावात लोकरीचा बाजार भरे. व्यापाऱ्यांना उतरायला जागा हवी होती, मालाला कोठार हवं होतं. दोन्ही एका छपराखाली आलं. मौनी साधूंनी गजबजाटासाठी बांधलेलं हे घर, हा विनोद इंग्लंडलाच साधावा.

मधल्या दारातून आरपार मागे गेलं की वाड्याच्या दिंडीतून चौकात यावं तसं अंगण लागतं. त्याच्या पलीकडे उतारावर गावाचं क्रिकेटचं मैदान आणि त्याही पलीकडे चर्च. डायरीकार सॅम्युएल पीप्स 1668 साली बाथला जाताना या गावात जेवला आणि जेवणाचे दहा शिलिंग त्याने डायरीत टिपून ठेवले. 1685 च्या जूनमध्ये राजा दुसऱ्या जेम्सविरुद्ध बंड केलेला ड्यूक ऑफ मॉन्मथ इथे उतरला होता, आणि गावाच्या गल्लीत चकमक झाली. पुढच्याच महिन्यात त्याचं डोकं उडवलं गेलं. तो खिडकीशी दाढी करत असताना कुणीतरी गोळी झाडली, अशीही एक गोष्ट सांगतात. राजपुत्र हे सरायांच्या आयुष्यातले योगायोग असतात, लोकर हा या घराचा हेतू होता. म्हणून इथे मॉन्मथच्या गोष्टीपेक्षा वरच्या मजल्यांच्या लांबीरुंदीकडे आणि छपराच्या लाकडांकडे मी जास्त वेळ पाहीन.

कॉट्सवोल्ड्समधल्या ब्रॉडवे गावचं ‘लिगन आर्म्स’ अधिक नावाजलेलं, अधिक चकचकीत, आणि म्हणूनच वाचायला अवघड. मधाच्या रंगाच्या चुनखडीचं दर्शनी अंग इतकं देखणं आहे की पाहणारा तिथेच थांबतो. मुख्य दारावर 1620 हे साल आणि जॉन व उर्सुला ट्रेव्हिस या सरायवाल्या जोडप्याची नावं कोरलेली आहेत. सतराव्या शतकात राजा आणि संसद यांच्यात झालेल्या यादवी युद्धातल्या दोन्ही पक्षांशी हे घर नातं सांगतं: राजा पहिल्या चार्ल्सच्या नावाची खोली आहे आणि त्याच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही करणाऱ्या क्रॉमवेलच्या नावाचीही. सरायवाल्याला दोन्ही गिऱ्हाइकं सारखीच.

पण या घराचं खरं चरित्र रस्त्याने घडवलं. लंडन ते वूस्टर या मार्गावर ब्रॉडवेला लागून फिश हिलचा चढ आहे. घोडागाड्यांना तिथे जादा घोडे जोडावे लागत, म्हणजे थांबणं आलं, थांबणं म्हणजे जेवण, आणि रात्र झाली की बिछाना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रेल्वे वूस्टरला पोचली आणि हा रस्ता ओस पडला. गाव जवळजवळ झोपलं. त्या झोपेनेच ते वाचलं, कारण पैसा नसल्यामुळे कुणी काही पाडून नवं बांधलं नाही. 1885 च्या सुमारास चित्रकार येऊन राहू लागले. जॉन सिंगर सार्जंटने सांजवेळी कागदी कंदील पेटवणाऱ्या दोन मुलींचं आपलं गाजलेलं चित्र ब्रॉडवेतच रंगवलं.

आणि मग 1904 साली सिडनी रसेल नावाच्या गृहस्थाने ही सराय विकत घेतली. इथून पुढची गोष्ट मला या हॉटेलातली सगळ्यात रसाळ वाटते. रसेलला घर जुन्या फर्निचरने सजवायचं होतं. जुनं फर्निचर म्हणजे डुगडुगणारे पाय आणि निखळलेले कप्पे. त्यांच्या दुरुस्तीसाठी सरायीचाच एक कारखाना सुरू झाला. रसेलचा मुलगा गॉर्डन त्यात रमला. सतराव्या शतकातली खुर्ची उघडून ती कशी जोडली आहे हे बघता बघता तो स्वतःची खुर्ची काढायला शिकला. पहिल्या महायुद्धानंतर त्याने फर्निचर बनवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात लाकडाची टंचाई असताना सरकारने सामान्य घरांसाठी जे साधं, मजबूत ‘युटिलिटी’ फर्निचर ठरवून दिलं, त्याच्या आराखड्यांच्या समितीचं नेतृत्व त्याच्याकडे आलं. पुढे 1947 ते 1959 तो औद्योगिक रचनेच्या सरकारी मंडळाचा संचालक होता. ब्रिटिश मध्यमवर्गाच्या दिवाणखान्याला वळण लावण्यात ज्या माणसाचा वाटा आहे, त्याची शाळा एका खेड्यातल्या हॉटेलच्या माळ्यावरचा दुरुस्तीचा कारखाना होता.

हे कळल्यावर लिगन आर्म्समधलं कपाट नुसतं कपाट राहत नाही. खोलीत गेल्यावर ड्रॉवर ओढून बघावा. कोपऱ्यातले सांधे बोटाने चाचपावेत. दोन फळ्यांचं लाकूड एकमेकांत दातांसारखं घट्ट बसलेलं आहे की नुसतं खिळ्यांवर भागवलंय? रसेलच्या कारखान्याच्या जागी आता त्याच्या नावाचं संग्रहालय गावातच आहे. आधी ते बघून मग हॉटेलात चहाला बसावं, म्हणजे नजर तयार झालेली असते. या हॉटेलाबद्दल माझी एकच तक्रार आहे, आणि ती बहुतेक यशस्वी सरायांबद्दल असते: मागच्या अंगणाभोवती नंतर झालेल्या खोल्यांना या सगळ्या गोष्टींतलं काहीच सांगता येत नाही.

आता ग्रेव्हटाय. वेस्ट ससेक्समध्ये ईस्ट ग्रिन्स्टेडजवळच्या रानात हे मॅनर आहे. लोखंडाच्या धंद्यातल्या रिचर्ड इन्फील्डने 1598 साली वधू कॅथरीनसाठी वाळूच्या दगडात ते बांधलं, आणि दोघांची आद्याक्षरं दारावर कोरली. एवढ्यावर थांबलो तर ती ससेक्समधली आणखी एक एलिझाबेथकालीन कोठी. तिला हेका दिला तो 1880 च्या दशकात ती विकत घेणाऱ्या विल्यम रॉबिन्सनने.

रॉबिन्सन आयरिश होता. माळीकाम करत लंडनला आला आणि बागकामाच्या नियतकालिकांवर श्रीमंत झाला, हेच मुळात नवल. व्हिक्टोरियन बागांवर त्याचा राग होता. काचघरात वाढवलेली रंगीत रोपं आणून गालिच्यासारखी नक्षी मांडायची, हंगाम संपला की उपटून टाकायची, ही तऱ्हा त्याला असह्य वाटे. 1870 साली ‘द वाइल्ड गार्डन’ या पुस्तकात त्याने सांगितलं की झाडं मातीला आणि जागेला मानवतील अशी लावा आणि मग त्यांना त्यांच्या मनाने वाढू द्या. हा विचार त्याने ग्रेव्हटायमध्ये उरलेल्या आयुष्यभर राबवला. गवतात डॅफोडिल्स सोडली, कुरणं कापायची घाई केली नाही, आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर भाजीपाल्यासाठी दगडी भिंतीची लंबगोल बाग बांधली. लंबगोल का, तर कोपऱ्यात अडकणारी थंडी आणि सावली नको. भिंत दिवसभर ऊन साठवते आणि तिला टेकलेली फळझाडं रात्री उबेत राहतात. 1935 साली, नव्वदी उलटून गेल्यावर, तो तिथेच वारला.

1958 साली पीटर हर्बर्टने या घराचं हॉटेल केलं. बाग हॉटेलासाठी नाही, हॉटेल बागेसाठी आहे, अशा थाटात ते आजवर चाललं आहे. खोल्यांना इस्टेटीतल्या झाडांची नावं आहेत. स्वयंपाकघरात काय शिजायचं हे बरंचसं त्या लंबगोल भिंतीच्या आत ठरतं. 2018 साली त्यांनी एक धाडस केलं: जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या भिंतींचं नवं भोजनगृह जुन्या दगडाला जोडलं. जुन्या घराचे भक्त अशा वेळी नाक मुरडतात, मीही एरवी मुरडतो. इथे मात्र ते चोख बसलं आहे, कारण या घराचा हेका दगडात कधी नव्हताच, तो खिडकीबाहेर होता. काच लावून त्यांनी फक्त पाहुण्याला बागेकडे तोंड करून बसवलं. जुन्या वास्तूत नवं काही केलेलं दिसलं की ते चांगलं की वाईट हे ठरवायची कसोटी म्हणून मी ग्रेव्हटायचं भोजनगृह समोर ठेवतो.

शाकाहारी माणसासाठीही हा मुद्दा कामाचा आहे. इंग्लिश खेड्यातल्या हॉटेलात शाकाहारी पदार्थ म्हणजे बऱ्याचदा अळंब्यांवर भागवलेली अडचण असते. ज्यांच्या मागच्या दारी भाजीची बाग आहे, तिथे स्वयंपाक्याला भाजी ही शिक्षा वाटत नाही. नाश्त्याला मात्र काळ्या चकत्या दिसल्या तर विचारून घ्या. ब्लॅक पुडिंग म्हणजे डुकराच्या रक्ताचं सॉसेज.

कधीकधी हेका वास्तूचा नसून माणसाचा असतो. ऑक्सफर्डशायरमधल्या टेम गावी जॉन फदरगिलने 1922 साली ‘स्प्रेड ईगल’ ही सराय घेतली. पायात बकलाचे बूट घालून तो पाहुण्यांना सामोरा जाई, आणि काही न खाता नुसतं प्रसाधनगृह वापरून जाणाऱ्यांवर उखडत असे. त्याची ‘ॲन इनकीपर्स डायरी’ 1931 साली आली. लेखक-कलावंतांनी त्याचा माज हौसेने सोसला, कारण जेवण उत्तम होतं. उलट प्रकृतीचा होता फ्रान्सिस कोल्सन. लेक डिस्ट्रिक्टमध्ये अल्सवॉटर तळ्याच्या काठी त्याने 1948 साली ‘शॅरो बे’ उघडलं, 1952 मध्ये ब्रायन सॅक त्याला येऊन मिळाला, आणि ब्रिटनमध्ये कंट्री हाउस हॉटेल नावाचा जो प्रकार रुजला त्याचा उगम बरेच लोक तिथे मानतात. स्टिकी टॉफी पुडिंगच्या जन्मावर हक्क सांगणाऱ्यांतही हे घर आहे. मालक गेले, हात बदलले, आणि 2020 साली ते बंद पडलं. माणसाच्या हेक्यावर उभं असलेलं हॉटेल निवडताना तो माणूस अजून तिथे आहे का, हे आधी बघावं लागतं.

निवडताना मी फोटोंत खोलीपेक्षा जिना आणि मागचं अंगण शोधतो. खोली कुणालाही सजवता येते, जिना लपवता येत नाही. मग हॉटेलचा स्वतःविषयीचा मजकूर वाचतो. त्यात राजांची नावं पुष्कळ आणि माळ्याचा, आचाऱ्याचा, सुताराचा पत्ताच नसेल, तर पुढे जातो. आईवडील बरोबर असतील तर तळमजल्याची खोली आधीच मागून घ्यावी. जॉर्ज आणि ग्रेव्हटाय या पहिल्या श्रेणीच्या संरक्षित वास्तू आहेत. अशा घरांत परवानगीवाचून फेरफार करता येत नाहीत, आणि लिफ्ट गृहीत धरू नये.

ब्रॉडवेसाठी लंडनच्या पॅडिंग्टनहून मोरटन-इन-मार्शला उतरून पुढे टॅक्सी करावी. ग्रेव्हटायसाठी ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत आगगाडी आहे, आणि जॉर्जला बाथहून जाणं सोपं.

या तिन्हींत खिशाला सगळ्यात जड ग्रेव्हटाय आहे, आणि तरीही एकच रात्र परवडणार असेल तर ती मी तिथेच घालवीन, एप्रिलच्या अखेरीस, शनिवार-रविवार टाळून. लिगन आर्म्सला जाल तर पत्रात स्पष्ट लिहा की खोली मुख्य घरातलीच हवी. आणि पैसे जपायचे असतील तर बाथला राहून दुपारच्या जेवणाला जॉर्जमध्ये जा.