‘फू’चा आरंभ कोठे? जीडीबीच्या एका चाचणीचे परीक्षण

फंक्शन म्हणजे स्मृतीतील एक सलग पट्टा, आणि त्याचा सर्वांत खालचा पत्ता म्हणजेच त्याचा आरंभ, ही समजूत डीबगरांच्या रचनेत दीर्घकाळ गृहीत होती. २००५ च्या ड्वार्फ ३ ने तुटक पट्ट्यांच्या नोंदीची सोय केली. कंपायलरही क्वचित चालणारा ‘थंड’ भाग मुख्य भागापासून दूर ठेवू लागले. तरीही ती समजूत सुटली नाही. २०१८ मध्ये केव्हिन ब्युटनर यांनी जीडीबीत जी दुरुस्ती केली, तिच्याच सोबतीची ही चाचणी होय.

चाचणीची युक्ती साधी आहे. सी भाषेत ‘फू’ व ‘फू_कोल्ड’ ही दोन स्वतंत्र फंक्शने लिहावयाची, आणि हाताने रचलेल्या डीबग माहितीत ती दोन्ही एकाच ‘फू’चे पट्टे असल्याचे सांगावयाचे. तुटकपणा त्यामुळे कंपायलरच्या लहरीवर राहत नाही. मग ‘फू’वर थांबा लावला असता तो प्रवेशाच्या पत्त्यावर बसतो की सर्वांत खालच्या, हे विचारता येते. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरातील हस्तलिखिते हाताळलेल्या अभ्यासकास हा प्रश्न परका नाही. सुट्या पानांच्या पोथीत वर आलेले पान आरंभाचेच असते असे नाही.

थंड भाग वरच्या पत्त्यावर असेल तर चुकीचा डीबगरही उत्तीर्ण होतो, कारण तेथे खालचा पत्ता आणि प्रवेश एकच असतात. म्हणून पुढे दोन्ही मांडण्यांची चाचणी होऊ लागली, हे योग्यच झाले. मात्र ही मांडणी मूळ संहितेतील क्रमावर विसंबते, आणि तो क्रम राखण्याचे बंधन सी भाषा कंपायलरवर घालीत नाही. जळगावच्या प्रयोगशाळेत ही चाचणी चालविणाऱ्या विद्यार्थ्याने आधी दोन पत्त्यांची तुलना करावी, मगच निकाल वाचावा.

खरी उणीव याहून खोल आहे. कंपायलरने तोडलेल्या थंड भागाकडे नियंत्रण उडी मारून जाते. स्टॅकवर नवी चौकट उभी राहत नाही. येथे मात्र ‘फू’ हे ‘फू_कोल्ड’ला रीतसर हाक मारते, त्यामुळे त्या भागातून पाहिलेल्या हाकांच्या साखळीत ‘फू’ दोनदा दिसतो. नावांचा शोध व थांब्याची जागा यांपुरता हा पुरावा निर्दोष आहे. उडीनंतर चौकट कशी उलगडावी, याविषयी ही चाचणी काहीच सांगत नाही.