‘भारतविषयक’ म्हणजे काय? : परदेशी शिष्यवृत्तीच्या एका कलमाची चिकित्सा

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती ही १९५४-५५ पासून चालत आलेली योजना होय. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर या वर्गांतील तरुणांस परदेशात पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी. करता यावी, हा तिचा हेतू. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन धम्मदीक्षित समाजाचा अनुसूचित जातींत अंतर्भाव झाला. त्यामुळे हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरचा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये योजनेच्या ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या, त्यांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अध्ययन हे विषय वगळण्यात आले. या विषयांचे तज्ज्ञ व साधने देशातच विपुल असल्याने त्यांसाठी परदेशी जाण्याचे प्रयोजन नाही, असे त्याचे समर्थन करण्यात आले.

वरकरणी हा युक्तिवाद काटकसरीचा व शहाणपणाचा वाटतो. तो तपासून पाहिला पाहिजे.

१९१३ साली बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जो निबंध वाचला, त्याचा विषय भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती व विकास हा होता. ईस्ट इंडिया कंपनीचे अर्थकारण, ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्था, रुपयाचा प्रश्न हे त्यांचे इतर प्रबंधविषयही भारताचेच. जातीविषयी जे मुंबईत मोकळेपणाने मांडणे दुष्कर होते, ते तेथे परक्या विद्वानांसमोर शास्त्र म्हणून मांडता आले. २०२२ च्या कलमाने तो निबंध अपात्र ठरविला असता. यावर अधिक भाष्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही.

आमच्या विषयापुरते बोलावयाचे तर साधने देशात आहेत हे विधानच टिकत नाही. पाली तिपिटकाची पोथीपरंपरा या भूमीत खंडित झाली. ती सिंहल, ब्रह्मदेश व सयाम येथे जिवंत राहिली. पाली टेक्स्ट सोसायटी १८८१ मध्ये स्थापन झाली ती लंडनमध्ये, आणि चिकित्सक पाली कोशाचा पहिला खंड १९२४ मध्ये निघू लागला तो कोपनहेगनमध्ये. गांधारी भाषेतील, खरोष्ठी लिपीतील भूर्जपत्रांच्या गुंडाळ्या १९९४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीत दाखल झाल्या आणि त्यांचे वाचन सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झाले. त्या वाचावयास शिकू इच्छिणाऱ्या नागपूरच्या मुलीला ‘हा विषय भारतीय आहे, येथेच शिक’ असे सांगणे म्हणजे विहिरीत पाणी नसताना पोहरा हाती देणे होय.

धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये हार्वर्डला गेले ते विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी. वॉरेन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ते काम ग्रंथरूपाने १९५० मध्ये, कोसंबींच्याही पश्चात, प्रकाशित झाले. त्यांचे शिष्य पु. वि. बापट यांनी पुढे त्याच हार्वर्डमध्ये विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग यांचा तौलनिक अभ्यास केला. १९३७ मध्ये तो पुण्यातून प्रसिद्ध झाला. विमुत्तिमग्गाचा संपूर्ण पाठ चिनी भाषांतरात उरला आहे. पालीचा मराठी पंडित चिनी भाषा अमेरिकेत बसून हाताळतो आणि ग्रंथ पुण्यात छापतो! यातील कोणता भाग ‘भारतविषयक’ व कोणता परदेशी, हे ठरविण्याची रीत आम्हांस ठाऊक नाही.

दुसरी अट त्याच सूचनांतील, पण तिच्याकडे टीकाकारांचे लक्ष क्वचितच गेले. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असले पाहिजे. ही क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची, विषयाची नव्हे. पाली शिकण्यास स्वाभाविक स्थान म्हणजे श्रीलंकेचे केलनिया विद्यापीठ व त्याची पाली-बौद्ध अध्ययनाची पदव्युत्तर संस्था. या विद्यापीठाचे मूळ विद्यालंकार परिवेणात आहे. पहिल्या पाचशेत त्यास स्थान नाही. म्हणजे अभियांत्रिकीत नामांकित अशा, पण पालीचा एकही अध्यापक नसलेल्या विद्यापीठास शिष्यवृत्ती मिळेल; केलनियास मिळणार नाही.

परदेशवास हा सर्व दोषांवरील उतारा आहे, असे आम्ही मानीत नाही. तीन-चार वर्षांत परतणारे काही संशोधक तेथील प्रचलित सिद्धान्तांची परिभाषा सफाईने बोलतात आणि धम्मपदाच्या गाथेचा अन्वय लावताना अडखळतात. व्याकरण येथे पक्के करूनच जावे, हा आमचा आग्रह आहे. परंतु तो दोष निवडीच्या कसोटीने दूर करता येतो. विषयच बंद करून नव्हे. मंत्रालयास काटकसर करावयाची असेल तर अर्जदाराने एवढेच सिद्ध करावे की त्याची पोथी, त्याचा शिलालेखसंग्रह अथवा त्याचा गुरू परदेशात आहे. ही अट कठोर असली तरी आम्ही तिचे स्वागत करू.

तोवर छाननी समितीपुढे एक प्रश्न ठेवतो. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग अनुराधपुरात, महाविहाराच्या परंपरेनुसार, भारतात जन्मलेल्या भाषेत रचला. त्यावर संशोधन करू इच्छिणाऱ्याचा अर्ज भारतीय वारसा म्हणून फेटाळावयाचा, की सिंहली वाङ्मय म्हणून स्वीकारावयाचा?