नव्वद टक्के जुळले म्हणजे काय जुळले?

वरळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर नांगरलेल्या होड्यांचे छायाचित्र भरतीला घ्या, ओहोटीला पुन्हा घ्या. नांगर तिथेच, होड्या मात्र फिरलेल्या. होड्यांची जागा नकाशावर दाखवायची तर प्रत्येक होडीभोवती रेघ मारता येईल किंवा त्या जिथवर सरकू शकतात त्या सगळ्या पाण्याभोवती एकच. दोन्ही रीती बरोबर, पण एकीचा आकडा दुसरीला लावता येत नाही.

किरणोपचाराची आखणी करताना आतड्याबाबत हाच पेच पडतो. सीटी स्कॅनच्या एकेका छेदावर अवयवाची कड रेखावी लागते आणि आतडे रोज जागा बदलते. म्हणून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'क्वांटेक' या मार्गदर्शक मर्यादांत आतड्यासाठी दोन आकडे आहेत. सुटी वेटोळी रेखली असतील तर १५ ग्रे मात्रा १२० घनसेंटिमीटरपेक्षा कमी भागाला मिळावी. सगळी पोकळी रेखली असेल तर ४५ ग्रेची मर्यादा १९५ घनसेंटिमीटर. कोणती रीत वापरली हे न सांगता 'मर्यादा पाळली' म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

हा शब्दच्छल नव्हे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ३०० स्त्रियांवर, शस्त्रक्रियेनंतरच्या किरणोपचाराची चाचणी केली. २०२१ साली तिचे निष्कर्ष आले. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा त्याहून तीव्र त्रास जुन्या त्रिमिती पद्धतीत ४२.४ टक्के, तर रेघेबरहुकूम मात्रा वळवणाऱ्या नव्या पद्धतीत २१.१ टक्के. यंत्र रेघेवर इतका विश्वास टाकते, तेव्हा रेघ कोणी आणि कशी काढली हे विचारायलाच हवे.

इथे आमची तक्रार आहे ती जुळणीच्या आकड्याबद्दल. दोन डॉक्टरांच्या, किंवा डॉक्टर आणि संगणकाच्या रेघा किती जुळतात हे 'डाइस गुणांका'ने सांगतात: सामाईक भागाची दुप्पट, भागिले दोन्ही भागांची बेरीज. डाइस हे अमेरिकन परिसरशास्त्रज्ञ. १९४५ साली दोन जाती किती वेळा एकत्र सापडतात हे मोजायला त्यांनी हे माप मांडले. तिथे ते चोख आहे. अवयवांवर लावून पाहू. २० मिलिमीटर त्रिज्येचा गोल कोणी सगळीकडून १ मिलिमीटर मोठा रेखला, तर गुणांक ०.९३ येतो. ५ मिलिमीटर त्रिज्येच्या गोलात तीच १ मिलिमीटरची चूक केली की ०.७३! (अकरावीच्या वर्गात हे गणित अवश्य करून घ्यावे; गोलाच्या घनफळाचे सूत्र पुरते.) हात तितकाच चुकला, गुण मात्र अवयवाच्या आकाराने ठरले.

आणखी एक खोट आहे. रेघ गाठीच्या बाजूला सरकली की विरुद्ध बाजूला, हे गुणांकाला कळत नाही. रुग्णाच्या आतड्याला ते कळते. तरीही 'संगणकाची नव्वद टक्के जुळणी' असे मथळे येतात, आणि ज्या डॉक्टरच्या रेघेशी तुलना केली, तिच्याशी दुसऱ्या डॉक्टरची रेघ किती जुळली असती हे त्यांत नसते. अवयव कोणता, केवढा आणि रेघेतले सर्वांत मोठे अंतर कोणत्या बाजूला, एवढे तरी त्या टक्क्यांशेजारी छापावे.